डाव्या गालावरचा तीळ

४ नोव्हेंबर २०२५

समोरच्या दुकानापुढे आज सकाळी हजाराची माळ लावली. बिभीषणला पुण्यातल्या कुठल्याशा टॅटू स्पर्धेत दुसरा नंबर मिळाला म्हणे. दुसरा! पहिला मिळाला असता तर घोडेगावात हत्तीच आणला असता त्याने. अभिनंदनाचा फ्लेक्स त्याचा त्यानेच छापला, स्वतःचा फोटो स्वतःच गोरा केला आणि नेमका माझ्या शटरसमोर बांधला.

राग कुठेतरी ओतायला हवा म्हणून ही वही काढली. एका पानावर चित्र, दुसऱ्यावर शिव्या, असा बेत आहे.

चौकात आमची दुकानं समोरासमोर. त्याचं फ्लेक्सचं, आणि दोन वर्षांपासून टॅटूचंही. माझं नुसतं टॅटूचं, तेही अप्पांच्या जुन्या गाळ्यात. माझे वडील म्हणजे रंगनाथ पेंटर. तीस वर्षं त्यांनी उसाच्या ट्रॉल्यांवर वाघ काढले, दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आले आणि त्यांचे ब्रश वाळले. आता ते दिवसभर पेपर वाचतात आणि बातम्यांशी भांडतात.

काल एकाच्या दंडावर खंडोबा काढला. फोटो नाही, छापा नाही, थेट कातडीवर पेनने रेखाटून मग सुई. चार तास मान मोडली. आरशात बघून तो म्हणतो, "ताई, ह्यो तर माझ्या मामासारखा दिसतोय." आज तो बिभीषणकडे बसलाय, माझा खंडोबा झाकून घ्यायला. काचेतून दिसत होतं. त्या माणसाच्या डोळ्यात सुई खुपसावी आणि बिभीषणची बोटं एकेक करून मोडावीत असं वाटलं. लिहून टाकलं. बरं वाटलं.

खरी भीती वेगळीच आहे. तो खंडोबा खरंच मामासारखा दिसत असेल तर?

७ नोव्हेंबर

बाजाराच्या गर्दीत आज चौकात खून झाला.

टेम्पो कुठे लावायचा यावरून दोन टोळक्यांत जुंपली. आधी दगड, मग ऊसतोडीचा कोयता. मी शटरमध्ये उभी होते. समर्थ नावाचा पोरगा, बावीस-तेवीस वर्षांचा. पहिला वार खांद्यावर बसला तेव्हा तो चक्क हसला, त्याला खरंच वाटलं नसावं. दुसरा मानेवर बसला. रक्ताच्या वासाने बाजारातले बैल बुजले, दावी तोडून सैरावैरा पळाले, एक म्हैस त्याच्या पायांवरून गेली. पाच मिनिटांत चौक रिकामा. माणसं गेली, चपला राहिल्या.

मी त्याला ओळखत होते. मागच्याच आठवड्यात दंडावर 'आई' लिहायचं काय घेता म्हणून विचारायला आला होता. बोलता बोलता डाव्या गालावरचा तीळ खाजवत होता. "ताई, ह्याला जोडीदार एक तीळ फुकट द्या की," म्हणाला. मी हसून हाकलला त्याला.

घरी येऊन जेवले नाही. समोरच्या पानावर तो काढला. वार बसतानाचा नाही, फुकट तीळ मागतानाचा. हात थांबतच नव्हता, पेन्सिलचं टोक दोनदा मोडलं.

९ नोव्हेंबर

चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. उजवीकडे नेते हात जोडून, आणि डावीकडून समर्थ त्यांच्याकडे बघतोय. बिभीषणचंच काम. केस न् केस मोजून घ्यावा. बाया त्याच्यापुढे उभ्या राहून हंबरडा फोडत होत्या. माझ्या चित्रापुढे कोण रडेल?

फ्लेक्सवर त्याचा तीळ उजव्या गालावर आहे. माझ्या वहीत डाव्या. त्याचा उजवा, माझा डावा, असं दहादा करून पाहिलं. चुकलेच मी. समोर बसून बोललेल्या माणसाचा गाल लक्षात राहत नाही, आणि म्हणे चित्रकार! शर्टाचा खिसासुद्धा उजव्या बाजूला आहे, कोण अडाणी शिंपी गाठला होता कुणास ठाऊक. पण कॅमेरा कशाला खोटं बोलेल?

वहीतला तीळ रबराने खोडला आणि उजवीकडे काढला. खोडता खोडता कागद फाटायला आला.

१३ नोव्हेंबर

समर्थचा थोरला भाऊ आला. गहिनीनाथ. दाढी वाढलेली, पाय अनवाणी. त्याच्यामागे दोन पोरं दारात उभी राहिली, या गावात कधी न दिसलेली. एकाचा पुढचा दात अर्धा तुटलेला, दुसऱ्याची भुवई मधोमध चिरलेली.

"समर्थ काढायचाय. ह्या हातावर. सोळाला दहावा हाय, त्याच्या आत पायजे."

"बिभीषणकडं नाही गेलात?"

"गेल्तो. आठ दिसांनी ये म्हनला. माझा भाऊ काय आठ दिसांनी मेलाय का?"

मी म्हटलं, मी पाहिलंय समर्थला, हातानेच काढते. त्याने मोबाईल पुढे केला. फ्लेक्सचा फोटो.

"ह्यो हाय आसाच पायजे. त्याचा मोबाईल पोलिसांनी नेलाय, दुसरा चांगला फोटो न्हाई. आन एक सांगून ठिवतो. चुकलं तर हात ठिवनार न्हाई."

धमकी दिल्यासारखा नाही, कांद्याचा भाव सांगावा तसा बोलला.

वहीतलं चित्र दाखवावं असं मनात आलं होतं. खणात हातही घातला होता. मग तो मामा आठवला आणि हात काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा फोटोचा छाप काढून तो कातडीवर उमटवायचा आणि मुकाट गिरवायचा, असं ठरवलं. बिभीषण करतो तसं. लोकांना तेच हवंय तर तेच घ्या.

१४ नोव्हेंबर

सात तास लागले.

सुई चालू असताना माणसं दात खातात, मोबाईल बघतात, आईला हाका मारतात. गहिनीनाथ बोलत होता, भिंतीकडे बघून.

"टेम्पो तितं लाव म्हनून मीच सांगितलं. तो नको म्हनत हुता. भांडनं हुत्याल दादा, म्हनला. मी कानाखाली हानली त्याच्या, सगळ्यांदेखत." दुसऱ्या हाताची मूठ आवळली. "सुई आनखी खोल घाल."

खोल गेली की शाई पसरते, मी सांगितलं.

"घाल म्हनलं ना!"

रक्त नेहमीपेक्षा जास्त येत होतं. मी पुसत राहिले. माझं सगळं लक्ष पापण्यांकडे होतं, त्या फार नाजूक असतात.

संध्याकाळी पुरं झालं. फ्लेक्सशी तंतोतंत. गहिनीनाथ हात डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिला, मग तो हात छातीशी धरून गेला. तो जाताच बिभीषण रस्ता ओलांडून आला. "बघू दी की," म्हणाला. मी मोबाईलमधला फोटो दाखवला. त्याचं हसू मावळलं.

"कशावरनं काढला?"

"तुझ्याच फ्लेक्सवरनं."

त्याने तोंड उघडलं, परत मिटलं. "भारी झालंय," म्हणाला आणि निघून गेला. जळून कोळसा झाला! दोन वर्षांत पहिल्यांदा त्याची बोलती बंद झालेली बघितली. येताना पाव किलो जिलेबी आणली. अप्पा म्हणाले, "कशापायी?" म्हटलं, जिंकले.

१६ नोव्हेंबर

नीट लिहिते. जसं झालं तसं.

दहाव्याच्या विधीला त्यांच्या आईने, राहीबाईने, गहिनीनाथचा हात पाहिला. समर्थ गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती, फ्लेक्स तिने पाहिलाच नव्हता. सगळ्या भावकीसमोर म्हणाली, "ह्यो कोन? माझ्या लेकराचा तीळ ह्या गालावर न्हवता. ह्यो माझा न्हाई." आणि त्या हाताचं पाणीसुद्धा घेतलं नाही. हे मला गहिनीनाथच सांगत होता, लोखंडी गजाने माझ्या काचा फोडता फोडता. नुकतंच मुंडण केलेलं डोकं, त्यावर वस्तऱ्याच्या दोन ताज्या जखमा. ती दोन पोरं बरोबर होतीच. तुटक्या दाताच्याने मशीन पायाखाली घेतली. चिरलेल्या भुवईच्याने माझे केस धरून मला काउंटरवर आदळलं आणि उजवा हात पसरून दाबून धरला. शाईच्या बाटल्या फुटल्या होत्या, हात तिच्यात निसटत होता, तर त्याने माझ्याच ओढणीने पुसून परत धरला.

"कोनी चुकवलं? आँ?" गहिनीनाथ ओरडत होता. "एका ताटात जेवलो आमी. रोज बघायचो मी त्याला. मला कसं दिसलं न्हाई? सात तास बसलो हितं, मला कसं दिसलं न्हाई? सांग!"

गज वर गेला. आणि तेवढ्यात मला सगळं दिसलं. खिसा उजवीकडे. नेते उजवीकडे. फ्लेक्सवर नेत्याकडे पाठ केलेला माणूस चालत नाही, म्हणून फ्लेक्सवाले त्याचं तोंड फिरवतात, फोटो आरशातल्यासारखा उलटा करून. हे अख्ख्या तालुक्यातल्या फ्लेक्सवाल्यांचं काम. मला काय ते ठाऊक नव्हतं?

"फोटो उलटा केलाय!" मी किंचाळले. "बिभीषणनं केलाय! त्याला विचारा!"

डावा हात मोकळा होता. त्या हाताने समोर बोट दाखवलं.

त्यांनी मला सोडलं. रस्ता ओलांडायला त्यांना दहा पावलं लागली. बिभीषण शिडीवर चढून काहीतरी टांगत होता, त्याला शिडीसकट खाली ओढला. तोंडावर लाथा घातल्या. मग एकजण छातीवर बसला, दुसऱ्याने त्याचा उजवा हात उंबऱ्यावर आणला, आणि गहिनीनाथने गज मारला. चार वेळा. पहिल्या फटक्याला बिभीषण गुरासारखा ओरडला. नंतर ओरडला नाही, माझ्याकडे बघत राहिला. चौकातली शटरं एकामागून एक खाली आली. माझं गजाने वाकलं होतं, ते खाली येईना. मी तिथेच उभी होते आणि डोळे मिटले नाहीत.

आणखी एक लिहायला हवं. दुसऱ्या फटक्याला मला बरं वाटलं. हात माझा नव्हता म्हणून असेल. फक्त तेवढ्याचसाठी असेल, असं म्हणते.

१७ नोव्हेंबर

काचा भरल्या. माझ्या हाताला साधं खरचटलंही नाही. दिवसभर त्याच्याकडेच बघत होते.

२१ नोव्हेंबर

जुनी मशीन दुरुस्त करून दुकान उघडलं. आज चार गिऱ्हाईकं, सगळी बिभीषणची. एकजण म्हणाला, "आता तुमीच की, ताई, चौकात."

पोलीस येऊन गेले. मोटरसायकलवरून पडलो, असा जबाब बिभीषणने नगरच्या दवाखान्यात दिलाय. गहिनीनाथ त्या वेळी दहाव्याच्या पंगतीत वाढत होता, असं सांगायला दोनशे माणसं तयार आहेत. ती दोन पोरं कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नाही. चौकात प्रत्येकाने सांगितलं, शटर बंद होतं. मीही सांगितलं की खाली वाकून शाई पुसत होते.

मी खोटं काय बोलले गहिनीनाथला? फ्लेक्स त्यानेच केला. उलटा त्यानेच केला. हे दिवसातून पन्नास वेळा स्वतःला सांगते आणि दर वेळी ते खरंच असतं.

जेवताना अप्पांनी ही वही समोर टाकली. चित्राचं पान उघडं.

"ह्यो तीळ कुनी खोडला?"

"मीच."

"आदी ह्या गालावर हुता. खळगा पडलाय कागदाला. मंजी तुला ठावं हुतं."

मी म्हटलं, मला वाटलं मी चुकले.

"ते झालं फ्लेक्स लागला तवाचं. बोट दाखवलंस तवा?"

मी ताट भिरकावलं. ते त्यांच्या कपाळाला लागलं, आमटीत मिसळून रक्त नाकावर आलं. त्यांनी पंच्याने पुसलं, पुसलेलं बघितलं.

"आता ह्याला पन कुनाचं तरी नाव सांग," म्हणाले आणि भाकरी उचलून जेवू लागले.

२४ नोव्हेंबर

नगरला गेले. बिभीषणचा हात कोपरापर्यंत बांधलेला, दोन बोटं काढून टाकली आहेत. तोंड सुजून एक डोळा बंद. मी सफरचंदं घेऊन गेले होते. कसली बाई मी! ती सोलणार कशी तो?

"मी तुझं नाव सांगितलं," मी म्हटलं. माफी मागायचं ठरवून गेले होते, पण तोंडातून एवढंच निघालं.

"ठावं हाय. बघत हुतो की." त्याने बांधलेला हात उशीवर घेतला. "तुझ्या मोबाईलमधी बघितलं तवाच मला कळलं हुतं. उलटा गेलाय म्हनून. म्हनलं, मरू दी. लोकं हिचं दुकान बुडवत्याल. तुला सांगितलं आसतं तर तू गहिनीनाथला आदीच गाठून सांगितलं आसतं, न्हाई?"

मी सफरचंदांची पिशवी खाटेखाली सरकवली.

"आन मला धरलं आसतं तर मी पन तुझंच नाव घेतलं आसतं. नको रडू."

मी रडत नव्हते. पोलिसांना खरं का सांगत नाहीस, विचारलं.

"दुसरा हात हाय ना अजून." मग कूस बदलायला गेला, जमलं नाही. "त्यो खंडोबा झाकायला दिवस गेला माझा. डोळं बघत हुतं माझ्याकडं. मला हातानं साधा गोल काढता येत न्हाई, सृष्टे. कदीच आला न्हाई. मशीन हाय म्हनून मी."

दोन वर्षं हे एक वाक्य ऐकायला मी जीव टाकला असता. आज ऐकलं आणि त्याच्या सुजलेल्या तोंडावर परत एक ठेवून द्यावीशी वाटली. आधी का नाही बोललास, मेल्या!

२६ नोव्हेंबर

गहिनीनाथ आला, एकटाच. बाही वर केली. वजरीने, टाचा घासायच्या त्या खरखरीत दगडाने, त्याने समर्थ घासून काढलाय. मनगटापासून कोपरापर्यंत नुसतं ओलं मांस, मधे एका डोळ्याचा तुकडा शिल्लक.

मी म्हटलं, दवाखान्यात जा, हात सडेल.

"सडू दी. दुसरा हाय." डावा हात काउंटरवर ठेवला, जिथे माझा दाबून धरला होता तिथेच. "आईनं निरोप दिलाय. फोटो नको म्हनती. ज्यानं त्याला जिता बघितलाय त्यानं काढायचा. तू बघितलाय म्हनली हुतीस. हातानं काढ. सोमवारी येतो. जमलं तर साऱ्या भावकीला घेऊन येतो तुझ्याकडं."

जाताना दारात थांबला.

"त्या दिशी तू काय बघितलंस?"

"काही नाही."

"शानी हाय."

मी हे लिहिते आहे आणि माझं मन आनंदाने उड्या मारतंय, ही लाज कुणाला सांगू? फोटो नको, तुझा हात पाहिजे, असं आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणालं. समर्थ माझ्या डोळ्यांपुढे लख्ख उभा आहे. सोमवारी मी तो असा काढीन की राहीबाई त्याला जवळ घेईल. माझी खात्री आहे. कधी नव्हती एवढी खात्री आहे.

पण डोळे मिटले की समर्थच्या शेजारी आणखी तीन चेहरे तेवढेच लख्ख दिसतात. पाहिलेलं विसरत नाही मी, हे आता मलाच कळून चुकलंय. मग 'काही नाही' कुठल्या तोंडाने म्हणाले?

२९ नोव्हेंबर

तालुक्याच्या ठाण्यात गेले. अप्पा बरोबर येतो म्हणाले, कपाळाला पट्टी बांधून. नको म्हटलं.

हवालदार पुंजाराम म्हणून आहेत, मिशा पिकलेले. मी सांगितलं, बिभीषण मोटरसायकलवरून पडला नाही. मी पाहिलंय.

"त्या दिशी तर शाई पुसत हुतीस."

"खोटं बोलले."

"व्हिडिओ काढलाय का? फोटो?"

"नाही. काढून देते. कागद द्या."

ते हसले. "पोरी, चित्राला कोन पुरावा म्हनतंय? फोटो आसता तर गोष्ट येगळी. आन त्यास्नी कळलं तर तुझा हात ऱ्हाईल का?" हे मात्र ते हसत बोलले नाहीत. मी कागद मागतच राहिले, तेव्हा शेवटी त्यांनी कोरे चार कागद आणि पेन्सिल सरकवली.

आधी तुटक्या दाताचा काढला. छातीवर बसल्यावर त्याचं तोंड उघडं होतं, तसाच. खोडरबर मागितलं नाही. मग चिरलेल्या भुवईचा. तो अर्धा झाला असेल, तेवढ्यात पुंजारामांनी खुर्ची माझ्या बाजूला ओढली. कागद उचलून खिडकीपाशी नेला, परत आणला.

"ह्याला मी वळखतो," हळूच म्हणाले. "मागच्या साली हितंच आनला हुता ह्याला. ह्यो घोडेगावात आल्ता?"

मी काढत राहिले. तिसरा गहिनीनाथ. मुंडण केलेलं डोकं, वस्तऱ्याच्या जखमा, गज डोक्यावर. चेहरा काढताना लक्षात आलं की तो रडत होता. तेही काढलं. आता सोमवारी तो माझ्याकडे हात पसरून बसणार नाही. समर्थ माझ्याच्याने कुणाच्या हातावर उतरणार नाही. फार वाईट वाटलं, अगदी बिभीषणपेक्षाही जास्त वाईट वाटलं, आणि मी पेन्सिल खाली ठेवली नाही.

पुंजाराम तिन्ही कागद गोळा करू लागले. "झालं न्हवं? तीन जनं हुते म्हनलीस."

"अजून एक आहे."

चौथ्याला वेळ लागला नाही. वाकलेलं शटर, त्यात उभी बाई, केस विस्कटलेले, डोळे टक्क उघडे. उजवा हात पोटाशी जपून धरलेला. डावा हात वर, बोट समोरच्या दुकानाकडे.

पुंजारामांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. 

"त्या दोघांची नावं तुम्ही शोधा," मी म्हटलं. "हिचं मी सांगते. लिहून घ्या."